इशापूरची थ्री नॉट थ्री घेतलीय, घरी काडतुसं भरायला सुरुवात कुठून करू?

खडकीकर_ओहायो

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. मागच्या महिन्यात इथल्या एका गन शोमध्ये इशापूरच्या (बंगालमधला बंदुकांचा कारखाना) घडणीची ली-एनफील्ड मिळाली, नंबर वन मार्क थ्री स्टार, बटच्या पितळी पट्टीवर घासून घासून गुळगुळीत झालेले आकडे आणि त्यापुढच्या लोखंडी सॉकेटवर मुकुट, खाली जीआरआय (राजा जॉर्जचं चिन्ह), ईशापोर आणि १९४३. विकणाऱ्याने सोबत कापडी पट्ट्यातली ३२ काडतुसंही दिली, आणि घरी येऊन एकेक उलटं करून बघितलं तर बुडावर केएफ! आणि साल ५७.

केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. माझे आजोबा १९५४ ते १९८९ खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, तपासणी विभागात. भोंगा झाला की आजी कुकर लावायची एवढं मला आठवतं. ते काय तपासतात हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आता ते नाहीत, आणि त्यांच्या फॅक्टरीतलं काडतूस ओहायोत माझ्या टेबलावर पडलंय.

आता प्रश्न. दोन वर्षं मी नाइन एमएम घरी भरतोय, सरळ नळकांडं असतं ते, त्यात काही अडलं नाही. पण बाटलीसारख्या मानेचं रायफलचं काडतूस कधी भरलं नाही. दुकानात थ्री नॉट थ्रीचा डबा महाग आणि बऱ्याचदा मिळतच नाही, म्हणून घरीच भरायचं ठरवलंय.

१. ही केएफची काडतुसं उडवून त्यांच्याच पुंगळ्या (रिकामी पितळी नळकांडी) परत भरता येतील का?
२. रेंजवर एकजण म्हणाला की एनफील्डमध्ये पुंगळी तीनदा वापरली की बूड तुटून निघतं, खरंय का?
३. गोळी कुठल्या व्यासाची घेऊ, .३०८ इंच नाही एवढं कळलंय.

चुकीचं काही करून रायफल किंवा डोळा घालवायचा नाहीये, म्हणून आधी विचारतोय.

बारामतीकर_टेक्सास

वा, मनापासून अभिनंदन. माझ्याकडे दोन एनफील्ड आहेत आणि एकोणीस वर्षं थ्री नॉट थ्री भरतोय, त्यामुळे जरा लांब लिहितो, चहा घेऊन वाच.

सगळ्यात आधी रायफल नीट बघ. कुठेही डीपी असं ठोकलंय का, म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीची. असेल तर ती भिंतीवर लाव, उडवायची नाही. पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलीय का? तशी असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली आहे, तिने खूप सोसलेलं असतं. लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू दिसेल, त्याला घाबरू नकोस, ती इशापूरची स्वतःची दुरुस्ती आहे, लाकूड फुटू नये म्हणून. हे बघून झालं की गनस्मिथकडे हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, तपासून घे. थ्री नॉट थ्रीत काडतूस रिमवर, म्हणजे बुडाच्या कडेवर टेकतं, .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि लष्करी .०७४ च्या गेजवर व्हायला नको. एनफील्डच्याच नंबर फोर रायफलला ० ते ३ आकड्यांची बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) असतात, मोठ्या आकड्याचं घातलं की काम झालं, तुझ्या नंबर वनला तशी आकड्यांची सोय नाही, चार बोल्ट हेड घेऊन त्यातलं बसेल ते बसवावं लागतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि खरं सगळं त्यातच आहे.

तीनदा वापरली की तुटते हे खरं आहे, पण चूक रायफलची नाही, भरणाऱ्याची आहे. एनफील्डच्या बोल्टचे लग, म्हणजे त्याला अडकवून धरणारे खुंट, मागच्या बाजूला आहेत, माउझरसारखे पुढे नाहीत, म्हणून बार उडाला की बोल्ट आणि बॉडी केसभर दबते आणि पुंगळी तेवढी ताणली जाते. शिवाय लष्करी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) मुद्दाम ढिलं ठेवलेलं, चिखलात माखलेलं, कुठल्याही कारखान्यातलं काडतूस आत गेलंच पाहिजे म्हणून. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आजच्या पुंगळ्यांची रिम पातळ असते, माझ्याकडच्या काही मोजल्या तर .०५८ भरल्या. म्हणजे पहिल्याच बाराला पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो, बूड मात्र मागे सरकतं, आणि मधलं पितळ ताणून पातळ होतं. एवढं झाल्यावर तू ती फुल लेंथ डायमध्ये (अख्खी पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) घालून खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, परत मागे ढकललास की पुढच्या बाराला तोच ताण परत, तिथेच परत. तीन-चारदा असं झालं की संपलं.

माझं झालंय तसं. सुरुवातीच्या वर्षी सगळं फुल लेंथ करायचो, कुणी सांगणारं नव्हतं. चौथ्या खेपेला बार नेहमीसारखाच वाटला, बोल्ट ओढला तर हातात आलं ते नुसतं बूड, वाटीसारखं, कडेला चकचकीत धार. बाकीची नळी चेंबरमध्येच. मागे थोडा धूर आला, चष्मा होता म्हणून काही झालं नाही, पण त्या दिवशी पुढे एकही बार काढला नाही. तुटलेली पुंगळी काढायचं हत्यार मिळतं, छोटंसं असतं, ते आधीच घेऊन ठेव.

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. नव्या पुंगळीला पहिल्या बाराच्या वेळी रिमच्या पुढे एक पातळ रबरी ओ-रिंग घालतो, ती काडतुसाला मागे बोल्टवर दाबून धरते, मग पुंगळी बुडापाशी न ताणता खांद्याकडे फुगते आणि त्या चेंबरच्या मापाची होऊन बसते. त्यानंतर फक्त मानेला साइझ करायचं, म्हणजे दाबून मापात आणायचं, नेक डाय किंवा कॉलेट डाय, खांद्याला हात लावायचा नाही. अशी पुंगळी मग रिमवर नाही, खांद्यावर टेकते, आणि माझ्या काही दहा-बारा वेळा भरून झाल्यात. पण ती फक्त त्याच रायफलची, माझ्या दोन रायफलींचे डबे वेगळे आहेत आणि झाकणावर नंबर आहेत.

दर वेळी भरायच्या आधी तपासणी. पेपरक्लिप सरळ करायची, टोक जरासं काटकोनात वाकवायचं, टोकदार करायचं, पुंगळीत घालून बुडापासून वर आतल्या भिंतीवरून ओढायचं. रिमपासून साधारण सेंटीमीटरभर वर टोक खाचेत अडकलं तर ती पुंगळी पक्कडने चेपून टाकायची, कचऱ्यात नुसती टाकायची नाही, नाहीतर परत डब्यात येते. बाहेरूनही तिथे चकचकीत गोल रेघ दिसते कधी कधी, पण रेघ दिसेपर्यंत थांबायचं नाही, क्लिप आधी सांगते.

गोळीचं म्हणशील तर आधी नळी मोज. मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून ठोकत आरपार काढतात आणि ती मोजतात, पण एनफील्डला पाच खाचा आहेत, समोरासमोर येत नाहीत, एका बाजूला खाच तर समोर उंचवटा, त्यामुळे साध्या कॅलिपरने माप चुकतं, गनस्मिथला सांग. बहुतेक नळ्यांना .३११ किंवा .३१२ ची गोळी चालते, पण मी युद्धकाळातल्या .३१५ च्या पण बघितल्यात. वजन १७४ ग्रेनचं घे. मार्क सेव्हन हे लष्करी थ्री नॉट थ्री काडतूस १९१० साली आलं तेव्हापासून १७४ ग्रेन आणि सेकंदाला २४४० फूट हाच हिशोब, तुझ्या रायफलची साइट त्याच हिशोबाने कापलेली आहे.

काडतुसात भरायच्या दारूचं माप मी इथे लिहिणार नाही आणि कुणी फोरमवर लिहिलं तर घेऊ नकोस. दोन वेगवेगळी छापील मॅन्युअल घे, दोन्हीत तीच गोळी, तीच दारू बघ, आणि सुरुवातीच्या मापापासून सुरू कर. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी आयएमआर ४८९५ ही दारू सुचवतो. तिचं एक बरं आहे, मान्य मापाने पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते, म्हणजे चुकून दोनदा ओतलीस तर बाहेर सांडते, लपत नाही. नाइन एमएममध्ये दुप्पट दारू गुपचूप आत बसते हे तुला माहीतच आहे.

निवृत्त_सातारा

पोरांनो, वाचून बरं वाटलं. मी राज्य पोलीस दलात ३१ वर्षं होतो, त्यातली बरीच थ्री नॉट थ्रीसोबत गेली. आम्हाला फायरिंगला मोजून काडतुसं मिळायची आणि संध्याकाळी तेवढ्याच पुंगळ्या मोजून परत द्यायच्या, एक कमी पडली की सगळी तुकडी गवतात गुडघ्यावर. त्यामुळे पुंगळी ही काय किमतीची वस्तू आहे ते आम्हाला वेगळ्या कारणाने माहीत. केएफ शिक्का म्हटलं की पावसातली रेंज आणि ओल्या गवताचा वास डोळ्यासमोर येतो बघा.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, चेंबरमध्ये तेलाचा थेंब राहू द्यायचा नाही आणि काडतूस ओलं असेल तर पुसूनच भरायचं. कोरडी पुंगळी चेंबरला धरून बसते आणि थोडा जोर स्वतः झेलते, ओली किंवा तेलकट असली की घसरते आणि सगळा दणका मागे बोल्टवर. आमचे उस्ताद आधी रुमाल काढायला लावायचे आणि मग मॅगझिन.

दुसरी, जुनी केएफ उडवलीस तर त्याच संध्याकाळी नळी धुवायची, दुसऱ्या दिवशी नाही. आम्ही उकळतं पाणी नळीतून ओतायचो, मग पुलथ्रूला (नळीतून ओढायची दोरी) चिंदी लावून कोरडी होईस्तोवर ओढायची, आणि शेवटी तेलाची चिंदी. नुसत्या तेलाने साफ केलेल्या नळ्या आठवड्याभरात तांबूस झालेल्या मी स्वतः पाहिल्यात.

आणि हे वाचणारं कुणी महाराष्ट्रात असेल तर त्यांच्यासाठी. इथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स अॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, घरी भरायचा विषयच काढू नका. थ्री नॉट थ्री तर लष्करी बोअर, म्हणजे फौजेच्या मापाची नळी, म्हणून साध्या परवान्यावर मिळतच नाही. म्हणूनच तर आपल्याकडे .३१५ आली, इंग्रजांनी लष्करी बोअर लोकांच्या हातात जाऊ नये म्हणून बंदी घातली आणि मग त्याच एनफील्डच्या घडणीवर ऑस्ट्रियाचं जुनं आठ एमएमचं मॅनलिखर काडतूस बसवलं. शेतकऱ्यांकडे परवान्याची .३१५ दिसते तिची काडतुसंपण खडकीचीच.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, टीव्हीवर बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

खडकीकर_ओहायो

दादा, काका, दोघांचेही खूप आभार. दादा, डीपी नाहीये आणि तारही नाही, आरपार स्क्रू आहे. काका, तुम्ही चिंदी म्हणालात आणि एकदम आठवलं, आजोबा घरात कुठलंही जुनं धोतर फाडलं की "चिंद्या नीट चौकोनी कापा" म्हणायचे, आता कळलं ते कुठून आलं असेल.

केएफच्या पुंगळ्या परत भरायचं मात्र अजून कुणी बोललं नाही. आणि एकाचं टोक जरा हिरवट झालंय, मी किचनमधल्या पितळ घासायच्या पॉलिशने पुसावं म्हणतोय, चालेल ना?

पितळ_आणि_तांबं

थांबा, पॉलिश लावू नका!! मी मिशिगनमध्ये धातूंवरच काम करते, आणि नवऱ्यामुळे गेली सात-आठ वर्षं आमच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा प्रेस आहे, तर हा माझा विषय आहे.

पितळ घासायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, ते ओढून ओढून आकाराला आणलेलं असतं, म्हणजे आत ताण साठलेला असतो, आणि अशा ताणलेल्या पितळाला अमोनिया लागला की ते आतल्या कणांच्या कडेकडेने तडकतं. बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस मानेला उभी चीर. गंमत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेच मुळी हिंदुस्थानात. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायच्या, आणि पावसाळा संपला की पुंगळ्या तडकलेल्या निघायच्या. कारण घोड्यांचं मूत, त्यातून सुटणारा अमोनिया, आणि आपली दमट हवा. याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. त्याला नाव पण सीझन क्रॅकिंग पडलं, सीझन म्हणजे आपला पावसाळा.

तेव्हा ५७ सालच्या पितळावर कोरडं फडकं फिरवा, एवढंच. हिरवट आहे ते वेगळं ठेवा.

आता परत भरायचं. उडवलेली एखादी केएफची पुंगळी तुमच्याकडे असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. मधोमध एकच भोक दिसलं तर बॉक्सर प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. जुन्या लष्करी थ्री नॉट थ्रीत बहुतेक बर्डनच असणार. बॉक्सरमध्ये ऐरण प्रायमरच्या आतच असते, म्हणून डायच्या पिनने प्रायमर बाहेर ढकलता येतो. बर्डनमध्ये ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते, पिन त्या ऐरणीवर आपटते आणि वाकते. बर्डन अमेरिकन होते आणि बॉक्सर इंग्रज, तरी अमेरिकेत सगळीकडे बॉक्सर आणि बाकी जगाच्या फौजांत बर्डन, हे असं कसं उलट झालं याचं मला नेहमी नवल वाटतं. बर्डनचे प्रायमर इथे मिळणं अवघड, म्हणून नव्या बॉक्सर पुंगळ्या घ्या, सर्बियाच्या प्रवी पार्टिझानच्या आम्ही वापरतो, जाड आहेत.

काकांनी नळी धुवायची सांगितली त्याचं कारण सांगते. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, आणि मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. तेलाच्या थराखाली मीठ हवेतलं पाणी ओढत बसतं आणि गंज खातो. म्हणून उकळतं पाणी.

आतल्या दारूबद्दल, जुन्या मार्क सेव्हनमध्ये दाण्यांची दारू नसते, कॉर्डाइट असते. आमच्याकडे एक निकामी केलेलं, कापलेलं काडतूस आहे, आत बघितलं तर अगदी शेवयांची जुडी, तपकिरी, वर पुठ्ठ्याची गोल चकती आणि मग गोळी. ही जुडी मानेतून आत जाऊच शकत नाही, कारखान्यात आधी जुडी भरायचे आणि मग पुंगळीची मान आवळायचे. तेव्हा तुम्ही उकलून बघू नका, ती परत पहिल्यासारखी होणार नाही. आणि त्यातली दारू दुसऱ्या पुंगळीत ओतायचा विचार तर अजिबात नको, कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन आहे आणि आपल्या मॅन्युअलमध्ये तिचं माप नाही.

एक अजून, चार-पाच वेळा भरून झालं की मान कडक होते, तेव्हा ती तापवून मऊ करावी लागते. खोली जरा अंधारी ठेवायची म्हणजे रंग दिसतो, ज्योत फक्त मानेवर आणि खांद्यावर, लाल व्हायच्या आधीच बाजूला. बूड कधीच तापू द्यायचं नाही, बुडाचा कडकपणाच तर दाब पेलतो, ते मऊ झालं की ती पुंगळी बाद. पहिल्यांदा करताना कुणी माहितगार सोबत असू द्या.

बारामतीकर_टेक्सास

ताई, घोड्यांच्या तबेल्याची गोष्ट मला माहीत नव्हती, इतकी वर्षं भरतोय तरी. आजच गॅरेजमधली पॉलिशची बाटली बाहेर काढतो.

खडकीकर, माझं मत विचारशील तर ती ३२ अजिबात उडवू नकोस. तशी काडतुसं आता फार येत नाहीत, आणि तुझ्या घरात त्यांना जी किंमत आहे ती दुसऱ्या कुणाकडे नाही. अजून एक, इथे स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, पण विकायचं म्हटलं की लागतो, मित्राला पैसे घेऊन दिलंस तरी ते विकणंच.

खडकीकर_ओहायो

दोन महिन्यांनी परत आलो, सांगायचं राहिलं होतं.

हेडस्पेस बरोबर निघालं, .०७४ वर बोल्ट बंद होत नाही. नळी .३१२ भरली. प्रवीच्या ४० पुंगळ्या घेतल्या, ओ-रिंग घालून पहिला बार, तेव्हापासून नेक डाय. मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मापावरच थांबलोय, १०० यार्डांवर पाच गोळ्या तळहातात मावतात, मला तेवढं खूप आहे. दर खेपेला पेपरक्लिप फिरवतो, अजून कुठे खाच लागली नाही.

केएफची ३२ तशीच ठेवलीत, हिरवट एक वेगळ्या डबीत. व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवली. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं यातलं कुठलं ह्यांनी तपासलेलं असेल. मी म्हटलं कळायला मार्ग नाही आजी, ५७ साली ते तिथेच होते एवढं नक्की. मग तिने सांगितलं की रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते आधी मोरीत जाऊन नखं घासायचे, पितळेचा वास जायचा नाही म्हणून. मला हे पहिल्यांदाच कळलं. परवा साइझिंग झाल्यावर हात हुंगून बघितले.

आता एक अडचण. चौथ्यांदा भरलेल्यांपैकी दोन पुंगळ्यांवर बोल्ट शेवटी जड जातो. बाकीच्या ठीक. खांदा पुढे आलाय का? फुल लेंथ करायची पाळी आली का?

बारामतीकर_टेक्सास

जबरदस्तीने बोल्ट बंद करू नकोस. फुल लेंथ करायच्या आधी लांबी मोज. पितळ पुढे वाहतं आणि मान लांबते, जास्तीत जास्त २.२२२ इंच, त्याच्यावर असेल तर मान चेंबरच्या तोंडाला अडते आणि गोळीला चिमटा बसतो, दाब वाढतो. ट्रिम करून २.२१२ ला आण, तोंडाची कुसळं आतून बाहेरून काढ, मग रिकामीच घालून बोल्ट लावून बघ. तरीही जड गेलं तर खांदा, मग डाय थोडी थोडी खाली फिरवायची, बोल्ट जेमतेम बसेल तिथे थांबायचं, तळापर्यंत नाही.

खडकीकर_ओहायो

मोजल्या दादा. दोन्ही २.२२६. ट्रिम केल्या, बोल्ट लोण्यासारखा बसतोय. बाकीच्या ३८ आज रात्री मोजतो.